कबुली दिली कोणापुढे? पोलिसी जबाब आणि अपिलाची कसोटी

मुंबईच्या उपनगरी रेल्वेतील साखळी बॉम्बस्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बाराही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. मालेगावच्या २००८ च्या स्फोटाच्या खटल्यात विशेष न्यायालयाने बरोबर दहा दिवसांनी, ३१ जुलै रोजी, सातही आरोपींना सोडले. पहिल्या निकालाने एक राजकीय गट संतापला, दुसऱ्याने दुसरा. समाजमाध्यमांवर दोन्ही बाजूंनी परस्परांच्या दुटप्पीपणाचे दाखले देण्याची चढाओढ लागली. त्या गदारोळात एक साधी गोष्ट नजरेआड झाली. दोन्ही खटल्यांची उभारणी एकाच तपास यंत्रणेने, म्हणजे महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने केली होती. दोन्हींत एकाच विशेष कायद्याखाली, पोलिस अधिकाऱ्यांसमोर कबुलीजबाब नोंदवण्यात आले होते. आणि दोन्हींत ते कबुलीजबाब शेवटपर्यंत टिकले नाहीत.

आरोपी कोणत्या धर्माचे, तेव्हा सत्तेवर कोणता पक्ष होता, हे प्रश्न बाजूला ठेवले तरी जो उरतो तो अधिक मूलभूत आहे. बंद खोलीत, पोलिसांच्या ताब्यात असताना माणूस जे बोलतो, त्याला न्यायालयाने किती मोल द्यावे? आणि खालच्या न्यायालयाने ते दिलेच, तर अपील ऐकणाऱ्या न्यायालयाने काय करावे?

जुना अविश्वास

भारतीय कायद्याचे मूळ उत्तर दीडशे वर्षांपूर्वीचे आहे आणि ते निःसंदिग्ध आहे. पोलिसांना दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये हा नियम होता. पोलिसांच्या ताब्यात असताना अन्य कोणापुढे दिलेली कबुलीही, दंडाधिकारी प्रत्यक्ष उपस्थित असल्याखेरीज, कलम २६ नुसार निरुपयोगी होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने हीच तत्त्वे कलम २३ मध्ये एकत्र आणली. शब्दरचना बदलली, आशय कायम राहिला.

हा नियम पाश्चात्त्य उदारमतवादाची आयात आहे, असे समजणे चूक ठरेल. इंग्लंडच्या कायद्यात पोलिसांना दिलेल्या कबुलीवर अशी सरसकट बंदी तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. ही बंदी भारतातल्या अनुभवातून जन्मली. मद्रास इलाख्यात महसूलवसुलीसाठी आणि गुन्ह्यांच्या तपासासाठी सर्रास छळ होतो, हे १८५५ च्या चौकशी आयोगाच्या अहवालाने चव्हाट्यावर आणले. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलिसांपुढील कबुलीवर बंदी आली ती या पार्श्वभूमीवर. अकरा वर्षांनी जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी ती पुरावा कायद्यात सामावून घेतली. वसाहतवादी सरकारचाही आपल्याच पोलिसांवर विश्वास नव्हता. स्वातंत्र्यानंतर सत्ता बदलली, पोलिस ठाण्याची कार्यपद्धती मात्र फारशी बदलली नाही, म्हणून नियमही राहिला.

तपासात साक्षीदारांनी पोलिसांना दिलेल्या जबाबांचीही तीच गत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६१ आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८० यांखाली नोंदलेला जबाब हा स्वतंत्र पुरावा नसतो. त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. साक्षीदार न्यायालयात वेगळे बोलला, तर त्यातील विसंगती दाखवण्यापुरताच त्याचा उपयोग होतो. ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली, पोलिस सूत्रांची माहिती’ असा मथळा परदेशात बसून वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हवे. मथळ्यातल्या त्या कबुलीला न्यायालयात बहुधा कवडीचीही किंमत नसते. अमेरिकेतून एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या स्वाधीन करण्यात आलेल्या तहव्वूर राणा याच्या चौकशीबद्दल छापून येणाऱ्या बातम्यांनाही हेच लागू पडते. राष्ट्रीय तपास यंत्रणेचा अधिकारी कायद्याच्या दृष्टीने पोलिस अधिकारीच आहे, आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात पोलिसांपुढील कबुली ग्राह्य धरण्याची तरतूद नाही.

एक खिडकी

या भिंतीला एक खिडकी मात्र आहे. आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेला माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य ठरतो. पूर्वीचे कलम २७ आता कलम २३ चे परंतुक झाले आहे. ‘मी सुरा विहिरीत टाकला आहे, दाखवतो’ एवढे वाक्य पुराव्यात येते. ‘त्याच सुऱ्याने मी अमुक माणसाला मारले’ हे येत नाही. प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात घालून दिलेली ही मर्यादा आजही प्रमाण मानली जाते. हे कलम स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, या राज्यघटनेतील हमीशी विसंगत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने १९६१ मध्ये काथी कालू ओघड खटल्यात सांगितले. अट एकच, माहिती सक्तीने काढलेली नसावी.

व्यवहारात मात्र या खिडकीतून सगळी बारात आत शिरते. निवेदन पंचनाम्यात पोलिस संपूर्ण कबुलीच लिहून काढतात. पंच अनेकदा पोलिसांच्या ओळखीचे आणि ‘नेहमीचे’ असतात. वस्तू कुठे आहे हे पोलिसांना आधीच ठाऊक होते का, याचा मागमूस कागदावर उरत नाही. तपास अधिकाऱ्याने आरोपीचे नेमके शब्द न्यायालयात सिद्ध केले नाहीत, पंचांनीही ते सांगितले नाहीत, अशा कारणांवरून खुनाच्या शिक्षा रद्द करणारे निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येही दिले. म्हणजे दीडशे वर्षे जुन्या कलमाची रीतही तपास यंत्रणेच्या अंगवळणी पडलेली नाही.

भिंतीला पाडलेले दार

दहशतवाद आणि संघटित गुन्हेगारी यांच्यापुढे हा जुना नियम दुबळा आहे, ही भूमिका १९८० च्या दशकात बळावली. साक्षीदार घाबरून पुढे येत नाहीत, कट अंधारात शिजतात, मग आरोपीच्या तोंडून सत्य काढल्याशिवाय शिक्षा होणार कशी, असा तो युक्तिवाद होता. त्यात तथ्य नव्हते असे नाही. पंजाबात साक्षीदारांचे आणि न्यायाधीशांचे जीव धोक्यात होते. त्यातून टाडा कायद्याचे कलम १५ आले आणि अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या पोलिस अधिकाऱ्यापुढील कबुली पुरावा ठरू लागली. १९९४ मध्ये कर्तारसिंग खटल्यात घटनापीठाने हे कलम वैध ठरवले खरे, पण तीन विरुद्ध दोन अशा मतांनी. न्या. के. रामस्वामी आणि न्या. आर. एम. सहाय यांनी या प्रश्नावर भिन्न मत नोंदवले. बहुमतानेही मुक्त वातावरण, आरोपीची भाषा, दंडाधिकाऱ्यापुढे विनाविलंब हजेरी अशी पथ्ये सुचवली.

टाडा १९९५ मध्ये संपुष्टात आला, त्याच धर्तीवर २००२ मध्ये आलेला पोटा २००४ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राचा १९९९ चा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे मोक्का, मात्र टिकून आहे. त्याच्या कलम १८ मध्ये ही तरतूद आजही जिवंत आहे. कर्नाटक आणि गुजरात यांनी तशाच धाटणीचे कायदे केले, दिल्लीतही मोक्का लागू आहे. त्यामुळे भारतात आज एक विचित्र स्थिती आहे. देशाच्या सुरक्षेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी असलेल्या केंद्रीय कायद्यात पोलिसांपुढील कबुली अग्राह्य, आणि टोळीयुद्धे रोखण्यासाठी केलेल्या राज्याच्या कायद्यात ती ग्राह्य!

मोक्काच्या कलम १८ ला कुंपण आहे हेही सांगायला हवे. कबुली स्वेच्छेने दिली जात असल्याची खात्री अधिकाऱ्याने करून घ्यायची, ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल हे आरोपीला सांगायचे, मग जबाब आणि आरोपी यांना विलंब न लावता मुख्य दंडाधिकाऱ्यापुढे पाठवायचे, आरोपीने छळाची तक्रार केल्यास वैद्यकीय तपासणी व्हायची. त्याही आधी गुन्ह्याला मोक्का लावण्यासाठी उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी हवी. दुसरीकडे याच कायद्याने पोलिस कोठडीची कमाल मुदत पंधरावरून तीस दिवसांवर नेली आहे. कुंपण कागदावर उंच आहे. आतला मुक्कामही दुप्पट लांब आहे.

अपिलात काय घडते

फौजदारी अपील म्हणजे केवळ कायद्याच्या मुद्द्यांची फेरतपासणी, असा समज इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या वाचकाचा असू शकतो. भारतात तसे नाही. पहिले अपील ऐकणारे उच्च न्यायालय वस्तुस्थितीचाही नव्याने धांडोळा घेते. फाशीच्या शिक्षेला उच्च न्यायालयाच्या शिक्कामोर्तबाशिवाय अर्थच नसतो, त्यामुळे तिथे प्रत्येक साक्ष, प्रत्येक पंचनामा पुन्हा वाचला जातो. कबुलीजबाबावर उभ्या असलेल्या खटल्यात हे वाचन साधारण पाच पायऱ्यांनी चढत जाते.

पहिली पायरी, विशेष कायदा मुळात लागू होता का? मोक्काची पूर्वमंजुरी यांत्रिकपणे दिली असेल, तर कायदाच गळून पडतो आणि त्याच्या आधारे आलेली कबुलीही. मालेगाव २००८ मध्ये साधारण हेच झाले. राष्ट्रीय तपास यंत्रणेने २०१६ मध्ये मोक्का लागू होत नसल्याची भूमिका घेतली, पुढच्या वर्षी न्यायालयाने तो वगळला आणि दहशतवादविरोधी पथकाने नोंदवलेले कबुलीजबाब खटला सुरू होण्याआधीच बाद झाले. याच्या नेमके उलट उदाहरण राजीव गांधी हत्या खटल्याचे आहे. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाडाखालील गुन्हेच सिद्ध होत नसल्याचे म्हटले, तरी टाडाखाली नोंदलेल्या कबुल्या मात्र खुनाच्या आरोपासाठी ग्राह्य धरल्या.

दुसरी पायरी कार्यपद्धतीची. संसद हल्ला खटल्याच्या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटाखालील कबुल्या बाजूला ठेवल्या. कायद्याने घालून दिलेली संरक्षणे, विशेषतः वकिलाला भेटण्याच्या हक्काची जाणीव देणे, पाळली गेली नव्हती. पण उरलेल्या पुराव्यावर न्यायालयाने मुख्य आरोपीची फाशी कायम केली. कबुली गेली म्हणून खटला गेलाच पाहिजे असे नाही, हे त्या निकालाने दाखवून दिले.

तिसरी पायरी स्वेच्छेची, चौथी सत्यतेची. कबुली सक्तीने घेतलेली नसली तरी ती खरी असेलच असे नाही. तिला अन्य पुराव्याची जोड आहे का, हे पाहावे लागते. पाचव्या पायरीवर न्यायालय विचारते, कबुली वगळून काय उरते? भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १६९ चा रोख हाच आहे. अग्राह्य पुरावा आत आला एवढ्याने निकाल उलटत नाही, उरलेला पुरावा पुरेसा असेल तर शिक्षा टिकते.

अकरा जुलैच्या खटल्याची परीक्षा

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलगाड्यांच्या प्रथम वर्गाच्या डब्यांत काही मिनिटांच्या अंतराने स्फोट झाले. १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले, आठशेहून अधिक जखमी झाले. सप्टेंबर २०१५ मध्ये विशेष मोक्का न्यायालयाने तेरापैकी बारा जणांना दोषी ठरवले. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. फाशी झालेल्यांपैकी एक जण २०२१ मध्ये तुरुंगातच कोविडने मरण पावला. अपिलाच्या सुनावणीसाठी विशेष खंडपीठ बसायला मात्र २०२४ उजाडावे लागले.

न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठाने सहाशेहून अधिक पानांच्या निकालात या पायऱ्या एकेक करून चढल्या. मोक्काच्या पूर्वमंजुरीत डोके लावले गेल्याचे दिसत नाही, असे मत त्यांनी नोंदवले. निरनिराळ्या उपायुक्तांनी निरनिराळ्या आरोपींकडून घेतलेल्या कबुल्यांत काही उतारे जवळपास सारखेच आढळले. वैद्यकीय नोंदी छळाच्या तक्रारींना पुष्टी देणाऱ्या वाटल्या. कबुल्या बाजूला काढल्यावर उरले काय? घटनेनंतर शंभराहून अधिक दिवस गप्प राहिलेले साक्षीदार, अधिकारच नसलेल्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याने घेतलेली ओळख परेड, आणि जप्त केलेल्या स्फोटकांच्या मुद्देमालाचे सील व साठवण यांबाबतचे सदोष कागद. स्फोटांत कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले, हेही सरकार पक्षाला सांगता आले नव्हते.

या निकालावर टीका करणाऱ्यांचा एक मुद्दा गंभीर आहे. विशेष न्यायाधीशांनी अनेक वर्षे साक्षीपुरावे प्रत्यक्ष पाहिले-ऐकले होते; कबुली देणाऱ्यांनी ती नंतर मागे घेतली एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही; एकाच कटातील माणसे एकाच घटनाक्रमाचे वर्णन करत असतील तर साम्य येणारच. पण साम्य घटनाक्रमाचे असणे वेगळे आणि शब्दांचे असणे वेगळे. दोन माणसे एकच प्रसंग सांगताना एकाच जागी स्वल्पविराम देत नाहीत. प्रश्न विचारणारे हात आणि लिहिणारे हात एकच असले, की माणसाच्या बोलण्याचा खासगीपणा हरवतो आणि मागे उरतो तो दफ्तराचा मसुदा.

या खटल्याला आणखी एक अस्वस्थ करणारी किनार आहे. मुंबई पोलिसांच्याच गुन्हे शाखेने २००८ मध्ये इंडियन मुजाहिदीनच्या सदस्यांना पकडले, तेव्हा त्यांतील एकाच्या कबुलीत लोकलमधील स्फोट आपल्या संघटनेने घडवल्याचे आले होते. म्हणजे एकाच शहराच्या पोलिसी दफ्तरात एकाच गुन्ह्याच्या दोन परस्परविरोधी कबुल्या! दोन्ही एकाच वेळी खऱ्या असणे अशक्य होते. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांतही कबुल्यांसह अटक झालेल्या नऊ मुस्लिम तरुणांना २०१६ मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केले.

सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी या निकालाला मर्यादित स्थगिती दिली. सुटलेल्यांनी तुरुंगात परतावे असे त्यात नव्हते. राज्य सरकारने तशी मागणीही केली नव्हती. उच्च न्यायालयाचा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, एवढाच आदेश होता. मोक्काच्या प्रलंबित खटल्यांवर परिणाम होईल, ही राज्याची भीती त्यामागे होती. या आदेशाचा अर्थ असा, की बारा माणसांच्या भवितव्याइतकेच मोक्काच्या कलम १८ चे भवितव्यही आता पणाला लागले आहे.

लिहिणाऱ्याची कबुली

पोलिस अधिकाऱ्याने लिहून घेतलेल्या कबुलीत नेमका धोका कुठे असतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण छळाचे नाहीच. राजीव गांधी हत्या खटल्यात कबुल्या नोंदवणाऱ्या केंद्रीय अन्वेषण विभागाच्या अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर, २०१३ मध्ये, जाहीरपणे सांगितले की एका आरोपीच्या जबाबातील महत्त्वाचे वाक्य आपण गाळले होते. आपण आणून दिलेल्या बॅटऱ्या कशासाठी वापरल्या जाणार हे ठाऊक नव्हते, असे तो म्हणाला होता. त्या कबुलीच्या आधारावर त्याला फाशी झाली होती. ती पुढे जन्मठेपेत बदलली, आणि राज्यपालांच्या विलंबासारख्या वेगळ्याच कारणांवरून २०२२ मध्ये त्याची सुटका झाली. तोवर तीन दशके उलटली होती. मारहाण नाही, धमकी नाही. फक्त एक वाक्य कमी.

दंडाधिकाऱ्यापुढील कबुली याला पर्याय ठरू शकते का? २६/११ च्या खटल्यात जिवंत पकडलेल्या हल्लेखोराची कबुली दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवली गेली आणि ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर विश्वास ठेवला. तिथे विचार करायला वेळ दिला गेला होता, नोंद पद्धतशीर होती, आणि चित्रफिती व प्रत्यक्षदर्शींचा भक्कम पुरावा सोबत होता. पण दंडाधिकाऱ्याचे दालन म्हणजे रामबाण नव्हे. उजव्या विचारांच्या गटांवरील स्फोटप्रकरणांना २०१० च्या अखेरीस ज्या कबुलीने कलाटणी दिली, ती दंडाधिकाऱ्यापुढेच झाली होती. ती नंतर मागे घेतली गेली आणि अजमेर, मक्का मशीद, समझौता या तिन्ही खटल्यांत ती देणारा आरोपी सुटला. दंडाधिकाऱ्यापुढे येणारा माणूस कोठडीतून येतो आणि ‘उलटलास तर पुन्हा तिथेच जायचे आहे’ ही जाणीव घेऊन येतो, हे विसरता येत नाही.

ब्रिटन आणि अमेरिकेचा धडा

ब्रिटनमध्ये पोलिसांपुढील कबुली आजही पुरावा असते. मात्र तिच्याभोवतीची व्यवस्था बदलली, आणि ती बदलायला मोठी किंमत मोजावी लागली. १९७४ च्या बर्मिंगहॅम पबमधील स्फोटांत २१ जण मरण पावले. सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली. त्यांतील चौघांनी कबुल्यांवर सह्या केल्या होत्या. १९७६ चे अपील फेटाळले गेले, १९८८ चेही. अखेर मार्च १९९१ मध्ये, पोलिसांच्या नोंदी जशा घेतल्याचे सांगितले गेले तशा घेतल्याच नव्हत्या हे शास्त्रीय तपासणीत उघड झाल्यावर, शिक्षा रद्द झाल्या. गिल्डफर्डच्या चौघांची सुटका १९८९ मध्ये झाली होती. त्या धक्क्यातून न्यायदानातील चुका शोधणारा स्वतंत्र आयोग स्थापन झाला आणि १९९७ पासून तो काम करू लागला.

त्याआधीच, १९८४ च्या पोलिस आणि फौजदारी पुरावा कायद्याने, म्हणजे ‘पेस’ने, नियम बदलले होते. दडपणाने किंवा अविश्वसनीय ठरण्याजोग्या परिस्थितीत कबुली घेतलेली नाही, हे सरकार पक्षाने निःसंशय सिद्ध करायचे; तसे करता आले नाही तर ती खरी असली तरीही वगळायची. चौकशीच्या वेळी वकील, आणि संपूर्ण संभाषणाचे ध्वनिमुद्रण. ‘खरी असली तरीही’ या शब्दांत या कायद्याचे मर्म आहे. पोलिसांनी मार्ग चुकवला तर मुक्काम योग्य होता, ही सबब चालत नाही. तरीही जुन्या चुका वर येतच आहेत. वकिलाविना झालेल्या चौकशीतील कबुली ज्याच्याविरुद्ध वापरली गेली होती, अशा माणसाला अपील न्यायालयाने मे २०२५ मध्ये डीएनए पुराव्यावरून मुक्त केले. तो ३८ वर्षे तुरुंगात होता.

अमेरिकेची वाट आणखी निराळी. १९६६ च्या मिरांडा निकालाने मौनाच्या आणि वकिलाच्या हक्काची पूर्वसूचना अनिवार्य केली. पण १९९१ मध्ये फुलमिनांटे खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की सक्तीची कबुली चुकून पुराव्यात आली तरी शिक्षा आपोआप रद्द होत नाही; ती चूक निर्णायक नव्हती असे निःसंशय दाखवता आले तर शिक्षा टिकू शकते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्रकरणातील पाच किशोरांच्या कबुल्यांपैकी चार चित्रफितीवर होत्या, तरी त्या खोट्या निघाल्या. २००२ मध्ये खऱ्या गुन्हेगाराच्या कबुलीने आणि डीएनए पुराव्याने त्यांच्या शिक्षा रद्द केल्या. कॅमेरा फक्त कबुलीच्या वेळी सुरू होता, त्याआधीच्या तासन्‌तासांच्या चौकशीवेळी नव्हता.

भारतासाठी ही तपशिलाची गोष्ट महत्त्वाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलिस ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचा आदेश दिला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले. आरोपीच्या चौकशीचे चित्रीकरण मात्र बंधनकारक नाही. आरोपीला चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, पण संपूर्ण वेळ सोबत ठेवता येत नाही. उलट पोलिस कोठडीचे पंधरा दिवस आता तुकड्यातुकड्यांनी, गुन्ह्याच्या स्वरूपानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत, कधीही घेता येतात. संरक्षण जप्त वस्तूला मिळाले, माणसाला नाही.

सीमेपलीकडची किंमत

हा केवळ भारताचा घरगुती प्रश्न उरलेला नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता अद्याप दिलेली नाही. लंडनच्या उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये शस्त्रास्त्र सल्लागार संजय भंडारी यांचे प्रत्यार्पण रोखले. त्यांना भारतीय कोठडीत छळ किंवा खंडणीचा धोका आहे, हे त्यामागील एक कारण होते. तपास यंत्रणा ज्याला ‘खाक्या दाखवणे’ म्हणतात, त्याची किंमत शेवटी तिलाच परदेशी न्यायालयांत मोजावी लागते. ज्यांच्यावर खरोखर खटला चालायला हवा अशी माणसेही मग हातून निसटतात.

कठोर कायद्याच्या समर्थकांचा मुद्दा अजूनही विचारार्ह आहे. साक्षीदारांना संरक्षण नाही, न्यायवैद्यक प्रयोगशाळा कामाखाली दबलेल्या, तपास अधिकाऱ्यांच्या बदल्या राजकीय लहरीवर. अशा वेळी कबुलीही काढून घेतली तर हाती काय उरणार? पण जुलै २०२५ च्या दोन्ही निकालांनी याचे उत्तर दिले आहे. कबुली हाती होती, तरी काही उरले नाही. सोपा पुरावा मिळाल्यावर अवघड पुरावा गोळा करण्याची निकड संपते, आणि एकोणीस वर्षांनी सोपा पुरावा कोसळतो तेव्हा अवघड पुरावा गोळा करण्याची वेळ कायमची निघून गेलेली असते.

बर्मिंगहॅमच्या त्या २१ जणांच्या हत्येसाठी आजतागायत कोणालाही वैध शिक्षा झालेली नाही. कुटुंबे अजूनही उत्तर मागत आहेत. मुंबईच्या लोकलमध्ये गेलेल्यांच्या नातलगांपुढेही आज तोच प्रश्न उभा आहे. आरोपी सुटले याचा राग त्यांना असणे स्वाभाविक आहे. पण त्यांना न्याय नाकारला गेला तो २०२५ च्या न्यायालयात की २००६ च्या चौकशीच्या खोलीत, हे ठरवल्याशिवाय पुढचा खटला वेगळा निघणार नाही. सर्वोच्च न्यायालयात या अपिलाचा निकाल काहीही लागो, मोक्काचे कलम १८ ठेवायचे असेल तर चौकशीच्या पहिल्या मिनिटापासून चित्रीकरण आणि वकिलाची उपस्थिती या दोन अटी विधिमंडळाने त्यात घालणे हे किमान पाऊल आहे. त्या घालायच्या नसतील, तर १८७२ चा नियम अधिक प्रामाणिक होता.